डावखुरे टाके

नवापूरजवळच्या डोंगरपाड्यातली ग्रेसी नर्स होती. सुदानच्या लढाईत तंबूतल्या इस्पितळात तिने कितीतरी फाटलेली पोटं शिवली आणि गेल्या आठवड्यात ती घरी आली. लेक आली म्हणून बुधीबाईने धरणातले दोन रोहू घेतले.

दुपारी ग्रेसी मासे साफ करायला बसली. पहिल्याच माशाचं पोट काळ्या दोऱ्याने शिवलेलं होतं.

"अंडी काढून घेतली असतील कोणी," बुधीबाई म्हणाली.

"म्हणून मासा शिवतं का कोणी, आई?"

टाके सारख्या अंतरावर होते आणि प्रत्येक गाठ डावीकडे वळलेली होती. ग्रेसी डावखुरी होती. तिच्या या उलट्या गाठीला तिकडचे डॉक्टर हसायचे.

तिने दोरा कापला. आतून पिवळा पू ओघळला आणि मागोमाग गॉजचा चिकट बोळा बाहेर आला. सडलेल्या मांसाचा, तंबूतल्या इस्पितळातला तोच गोडसर वास सुटला. तिने मासा कुंपणापलीकडे भिरकावला, तिथेच ओकली आणि राखेने हात घासघासून धुतले. तरी बोटं बुळबुळीतच लागत होती.

ती आत आली तेव्हा आईने दुसरा मासा तळून खायलाही घेतला होता.

"हा चांगला निघाला. मी बघून कापला. ये, बस पोरी."

बोलता बोलता बुधीबाई थांबली. तिने तोंडात दोन बोटं घातली आणि एक काळा दोरा बाहेर ओढला. तो संपेना.

"माझाच केस असेल," ती म्हणाली, आणि ओला दोरा बोटाभोवती गुंडाळत राहिली.