लाल शाई

"घसा पार बसला बघा, काकी. चाळीस पानं झाली, आणि सर नुसते 'हं' म्हणतात. बाकीच्या सरांची पोरं कागद देऊन मोकळी होतात."

मानसिंग स्वयंपाकघराच्या दारात पाणी पिता पिता कुरकुरत होता. सरांच्या पत्नी अंजनाबाईंनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला.

"कोमट पाण्यात मध घालून देते. पण वाचायचं सोडू नकोस. त्यांची रीत तुला माहीत आहे."

ती रीत सांगलीच्या अख्ख्या कॉलेजला माहीत होती. प्राध्यापक आप्पासो निकमांच्या हाताखाली एम. ए.चा प्रबंध लिहायचा, तर प्रत्येक प्रकरण त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. "डोळा फसतो, कान फसत नाही," असं सर म्हणत. मग कागद ठेवून जायचे. दोन दिवसांनी ते लाल शाईनं भरून परत यायचे. वर्गातही सर पुस्तक न उघडता शिकवत. मानाचा विद्यार्थी तो, जो रोज सरांची पिशवी घेऊन कॉलेजपर्यंत चालतो आणि ज्याच्या खांद्यावर सर हात ठेवतात. यंदा तो मान मानसिंगचा होता.

त्याचा विषय होता कऱ्हाडपासून सांगलीपर्यंतचे कृष्णेचे जुने उतार. पूर्वी फौजा जिथून नदी पायी ओलांडायच्या, त्या जागा. विषय चांगला होता, साल वाईट होतं. चव्वेचाळीस.

अंगणात बूट वाजले.

अंजनाबाईंचा हात सुपातच थांबला. तीन जोड. मागच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरांकडे दोनच आले होते. मास्तर परत आले तेव्हा त्यांना बैलगाडीतून उचलून घरात न्यावं लागलं.

"निकम सर आपणच ना?" फौजदार टोपी काढून बसले. दोन शिपाई दाराशी राहिले. "साताऱ्याहून आलोय. संस्थानची परवानगी घेतलीय, काळजी नको."

"चहा घ्याल?" सर म्हणाले.

"घेऊ की. काम चहापुरतंच आहे."

फौजदारांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढला.

"गेल्या मंगळवारी पत्री सरकारवाले सात जण नदी उतरून गेले. आमची माणसं उतारावर दबा धरून बसलेली. हे भलतीकडूनच पार! एकाचं पागोटं तेवढं काठावर पडलं. त्यात हा नकाशा होता."

मानसिंग दारातून पुढं आला. "अक्षर माझं आहे," तो म्हणाला.

"ते कळलंय, गड्या. तुझं मागनं बघतो." फौजदार हसले. "तुझ्या काळ्या शाईवर भरवसा ठेवला असता, तर सातच्या सात जण बुडून मेले असते आणि माझं काम झालं असतं. तू दाखवलेल्या जागी आता डोह आहे. ही लाल शाई ऐका. 'चूक. पात्र सरकलं. वडापासून शंभर पावलं वर, खडकावरून जावं. कंबरभर पाणी.' मुंबईच्या विद्यापीठाला कंबरभर पाणी कशाला लागतं हो, सर?"



अंजनाबाई चहा घेऊन आल्या. सरांची बशी त्यांनी नेहमीसारखी टेबलावर दोनदा टेकवली, मग उजव्या हाताशी ठेवली.  अंजनाबाईंचे वडील कोंडीबा याच नदीवर नाव हाकायचे. अक्षर त्या लग्नानंतर शिकल्या, आणि प्राध्यापकाच्या घरात शोभत नाहीत म्हणून माहेरचे 'हाय' नि 'न्हाई' उंबऱ्याबाहेरच ठेवले.

"ही शाई तुमची?"

कागद फौजदारांनी स्वतःकडे तोंड करूनच ठेवला होता. सरांनी तो तसाच तळव्याखाली दाबून धरला. मान खाली केली नाही.

"माझीच."

"नीट बघून सांगा. शाई ज्याची, तो आत्ता माझ्याबरोबर साताऱ्याला येणार. परत कवा, ते मला विचारू नका."

"या घरात विद्यार्थ्यांचे कागद मीच तपासतो."

"ती जागा पाहिलीय तुम्ही?"

"इतिहासाच्या माणसाला सगळंच पाहावं लागत नाही."

मानसिंगनं तोंड उघडलं. अंजनाबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं ते मिटलं.

"नोकरी जाईल, सर."

"जाऊ दे."

जाऊ दे!  दोन वर्षं ती नोकरी अंजनाबाईंनी तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. नवरा सरळ बसला होता, शर्टाची बटणं नीट, केस विंचरलेले. सकाळी त्यांनीच विंचरले होते. साताऱ्याच्या कोठडीत कोण विंचरणार? पायरी कुठं आहे, हे कोण सांगणार?

"मग सही करा, नकाशाखाली." फौजदारांनी खिशातलं पेन काढून पुढं धरलं.

सरांनी हात पुढं केला. तो पेनाच्या बोटभर पलीकडे गेला आणि हवेतच थांबला.

"आता भ्यालात व्हय?" फौजदार म्हणाले.

दाराशी एक शिपाई फिसकन हसला.

अंजनाबाई पुढं आल्या. त्यांनी नवऱ्याचा तो हात धरला आणि हळूच खाली, टेबलावर ठेवला.

"न्हाई, अंजना," सर पुटपुटले. त्यांच्या तोंडी 'न्हाई' अंजनाबाईंनी आजवर कधी ऐकलं नव्हतं.

"आवं सायेब, भ्याले न्हाईत ते," अंजनाबाई म्हणाल्या. "दोन वर्सं झाली, त्यास्नी दिसत न्हाई. लाल शाई माजी हाय."