नमनाचे पाच सेकंद

"काम यशस्वी. चुका शून्य." काळ्या स्क्रीनवर तनयाला सलग पाचव्यांदा हेच उत्तर मिळालं.

तिनं पहिल्या कीर्तनाची फाइल पुन्हा लावली. झांज वाजली, पेटी वाजली. मंडळी खोकली. कुणाचं तरी तान्हं रडलं. मग सगळ्यांनी एका सुरात 'विठ्ठल विठ्ठल' केलं. आणि या सगळ्याच्या मधे, जिथं तिचे वडील दिगंबरबुवा बोलायला हवे होते, तिथं काहीच नव्हतं.

"स्पीकर बघ आधी," स्वयंपाकघरातून श्यामलाबाई म्हणाल्या.

"स्पीकर बिघडला असता तर झांज आली असती का, आई?"

"मग फारच सभ्य आहे हो तुझा कंप्युटर. सांगणाऱ्याला गप्प बसवलं, टाळ्या तेवढ्या ठेवल्या."

बुवा खुर्चीत बसून होते. आठ महिन्यांपूर्वी त्यांचं स्वरयंत्र काढलं होतं. गळ्यावर पांढरा रुमाल, मांडीवर पाटी-पेन्सिल. आज मात्र त्यांनी सकाळीच गंध लावून उपरणं घेतलं होतं. त्यांच्या बत्तीस वर्षांच्या कीर्तनांच्या एकशेचाळीस कॅसेटी तनयानं वर्षभर रविवारी येऊन या जुन्या कंप्युटरवर उतरवल्या होत्या. त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घालून तिनंच तो चालता ठेवला होता. गुरुवारी मुद्दाम येऊन, एका ओळीची कमांड देऊन तिनं सगळ्या फाइलींमधली खरखर काढायला लावली, आणि आज रविवारी त्या ऐकायच्या होत्या.

तिनं दुसरी फाइल लावली, मग सत्तरावी, मग शेवटची. सगळीकडे तेच. ऐकायचा प्रोग्राम बदलला. खरखर काढणाऱ्या प्रोग्रामची मागची आवृत्ती घालून पाहिली. शेवटी पंख्याखाली बसून रेकॉर्डिंग सुरू केलं, माइक नीट लावला, मग चार वाक्यं बोलली आणि ते त्याच कमांडला दिलं. पंख्याची घरघर गेली, तिचा आवाज लख्ख राहिला.

मग बाबांचाच का जावा?

तिनं प्रोग्रामची माहिती उघडली आणि या वेळी पहिल्यापासून वाचत गेली. बरंच खाली एक ओळ होती. सुरुवातीचे पाच सेकंद कुणी बोलत नाही असं हा प्रोग्राम धरून चालतो. त्या पाच सेकंदांत जे ऐकू येईल ती खरखर, आणि ती तो शेवटपर्यंत शोधून काढून टाकतो.

"आई, कीर्तनाला टेपचं बटण कोण दाबायचं?"

"मी. दुसरं कोण?"

"कधी दाबायचीस?"

श्यामलाबाई हात पुसत बाहेर आल्या. "हे काय विचारणं झालं? यांनी नमनाला सूर लावला की मग. देवाचं नाव निघाल्याशिवाय फीत फिरवायची नाही, हा यांचा नियम. पेटीसुद्धा नंतर. बत्तीस वर्षांत एकदा चुकले नाही मी."

हे त्या जरा ताठ होऊन म्हणाल्या.

तनयानं गुरुवारची कमांड पुन्हा वाचली. मूळ फाइल जपून ठेवायची असेल तर या प्रोग्रामला तसं सांगावं लागतं. तिनं सांगितलं नव्हतं. डिस्क भरत आली होती. तिनं पेनड्राइव्ह लावला. त्यावर रोज पहाटे जुनी पुसून आपोआप नवी नक्कल होत असे. शुक्रवारी झाली होती, शनिवारी झाली होती, आज पहाटेही झाली होती. तिथंही झांज, पेटी, खोकला. पुसलेलं परत आणणारा एक प्रोग्राम चालवला. तो तासभर शोधत राहिला आणि काही सापडलं नाही म्हणाला.

"कॅसेटी," ती एकदम उठली. "आई, कॅसेटी कुठायत?"

"कॅसेटी कुठल्या आता? तूच म्हणालीस ना, सगळं आत गेलं, कपाट मोकळं करा."

"टाकल्यात?"

"टाकीन कशी? देवाचं नाव भरलेली वस्तू भंगारात देतात का कुणी? मागच्या एकादशीला आळंदीला गेलो. हळदकुंकू वाहिलं. यांनी स्वतःच्या हातानं एकेक इंद्रायणीत सोडली."

तनया दोघांसमोर येऊन बसली. मग तिनं सगळं सांगितलं. मान वर न करता, कुठल्याच शब्दाला सावरून न घेता. श्यामलाबाईंनी पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही. त्यांचा उजव्या हाताचा अंगठा नुसता बोटांवर फिरत राहिला, बटण दाबायचा तो.

बुवांनी पाटी घेतली.

'नियम माझा होता,' त्यांनी लिहिलं.

"बाबा, मी एकदा तरी वाचायला हवं होतं ते. एकदा तरी!"

बुवांनी उपरण्याच्या टोकानं पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं. 'सुदामा लाव.'

"त्यात काही नाहीये हो."

त्यांनी पाटी तशीच धरून ठेवली.

तिनं सुदाम्याचं आख्यान लावलं. झांज झाली, पेटीचा सूर आला आणि मग मोठी पोकळी. बुवा खुर्चीच्या हाताला धरून उठले. उपरणं सारखं केलं. उजवा हात पुढं गेला, तिथं द्वारकेचा दरवाजा असावा तसा. मग तो काखेत दडला, पोह्यांची पुरचुंडी लपवायला. ओठ हलत होते. गळ्यावरचा रुमाल आत-बाहेर होत होता.

भुवया उडवून ते जरा थांबले. स्पीकरमधून शेदोनशे माणसं खळखळून हसली.

हशा ओसरेपर्यंत बुवा उभे राहिले, नेहमीसारखे. मग त्यांनी पुढचं वाक्य घेतलं.