वर्गणीदारांची नावं

“‘हवे आहे: डोके उलटे छापलेले, निळे, एक नग. बदल्यात दोन लाल राण्या देईन.’” चौकीवरच्या साहेबाने मासिकातली जाहिरात मोठ्याने वाचली आणि अंक टेबलावर टाकला. “आता याचा अर्थ सांगा.”

“लिहिलाय तोच अर्थ,” तिकीटमास्तर म्हणाले. “एका गृहस्थांना टपालाचं एक तिकीट हवंय. त्यावर राजाचं डोकं चुकून उलटं छापलं गेलंय. त्यांच्याकडे राणीची दोन लाल तिकिटं जास्तीची आहेत, ती ते देतील.”

“आणि हे गृहस्थ राहतात सीमेपलीकडे.”

“जाहिरात आली तेव्हा लढाई नव्हती, साहेब.”

“आता आहे.”

मास्तरांची मुलगी आतल्या दाराची चौकट धरून उभी होती. लढाई सुरू होऊन अकरा दिवस झाले होते. तिसऱ्याच दिवशी मागच्या गल्लीतल्या घड्याळवाल्याला एका परदेशी पत्रावरून उचलून नेलं होतं. तो अजून घरी आला नव्हता. त्याची बायको रोज चौकीवर जायची आणि रोज तिला उद्या या म्हणायचे.

इथे तर परदेशी पत्रांचे खोकेच्या खोके होते. चाळीस वर्षांपूर्वी वडिलांनी वापरलेल्या तिकिटांचं दुकान काढलं, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. या देशात असलं दुकान कोणी पाहिलंच नव्हतं. पुढे त्यांनी किमतींची पुस्तिका छापली, आल्बम छापले, मग हे मासिक काढलं. आज ते चारशे बारा घरांत जात होतं. काही घरं पलीकडची होती. अलीकडच्यांपैकी बहुतेकांची पलीकडे दोस्ती होती.

“वर्गणीदारांची वही काढा,” साहेब म्हणाला.

“वही हरवली.”

“बरं. आम्ही शोधतो.”

दोन शिपाई आत घुसले. छपाईच्या खोलीत खिळ्यांचे खण धडाधड उपडे झाले. ज्या शिशाच्या अक्षरांतून ती महिनोन् महिने ओळी जुळवत आली होती, ती त्यांच्या बुटांखाली करकरत होती. तिला त्याचं काही वाटलं नाही. तिचे कान स्वयंपाकघराकडे लागले होते. शिपाई तिकडे वळले, तशी ती त्यांच्या पुढे झाली. साहेबही मागोमाग आला.

ओट्यावर मोठं घमेलं होतं. पाण्यावर शे-दोनशे तिकिटं तरंगत होती. पाकिटांवरून सुटी व्हावीत म्हणून ती रोजच अशी भिजत घालायची. आज त्यांच्या खाली वही होती. पोस्टमनने सकाळी दारातून अंक घेता घेता कुजबुजत झडतीची बातमी दिली, तेव्हा तिने पानं फाडून पाण्यात कोंबली होती. जाळली असती तर धूर दिसला असता. अर्ध्या पानांचा लगदा झाला होता, अर्धी अजून शाबूत होती.

साहेबाने पाण्यात बोट बुडवलं.

“पाणी निळं कशानं?”

“रंगीत पाकिटं होती,” ती म्हणाली. “त्यांचा रंग उतरतो.”

त्याने बोट पाण्यात गोल फिरवलं. तिकिटं बाजूला सरकली, पुन्हा एकत्र आली. मग त्याने बोट बाहेर काढून ओट्यावरच्या फडक्याला पुसलं आणि तो दुकानात परतला.

मास्तरांसमोर त्याने कोरा कागद ठेवला.

“चाळीस वर्षं स्वतःच्या हातानं पत्ते लिहिताय. पाठ असणार. लिहा. तुम्हाला आठवत नसतील, तर मुलीला बरोबर नेतो. तिला आठवतील.”

मास्तरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच. मग त्यांनी टाक उचलला.

लिहू नका, असं तिला ओरडून सांगायचं होतं. चारशे बारा घरं, चारशे बारा दारं. वडील भराभर लिहीत होते, कुठे अडत नव्हते. माणसाचं धैर्य इतक्या लवकर संपतं? आणि ते आपल्यासाठी संपलं, हे आता जन्मभर वागवायचं?

पाण्याचा पेला घेऊन ती त्यांच्या मागे गेली. कागदाकडे बघायचं नाही असं ठरवूनही तिने पाहिलं. पहिलं नाव बंदरावरच्या डॉक्टरांचं होतं. दुसरं एका निवृत्त स्टेशनमास्तरांचं. तिसरं फुलपाखरांची तिकिटं जमवणाऱ्या बाईंचं. पुढचीही सगळी तिच्या ओळखीची होती. या प्रत्येक नावाचे खिळे तिनेच जुळवले होते, कधी ना कधी, अंकाच्या शेवटच्या पानावर, श्रद्धांजलीच्या काळ्या चौकटीत.

तिने पेला त्यांच्या हाताशी ठेवला.

साहेबाने कागद उचलून नावं मोजली.

“एकतीसच?”

“वय झालं, साहेब. एवढीच आठवतात.”

“ठीक आहे. आठवडाभरात एकेकाच्या दारात जाऊ.” त्याने कागदाची घडी केली. “तोवर यातलं कोणी पळून गेलं, तर गाठ माझ्याशी आहे.”

“नाही,” मास्तर म्हणाले. त्यांनी टाक पुसून खाली ठेवला. “ही माणसं जागची हलायची नाहीत.”