कपाटामागचं पिल्लू

घड्याळजीनं वाटीतला मासा स्वतःच खाल्ला, वाटी विसळली आणि ती बायकोला दाखवायला घेऊन गेला. दारावर आधी टकटक केली. दणदण आत येऊ नका, दचकायला होतं, असं तिनं हल्ली बजावून ठेवलं होतं.

"संपवलं सगळं?" तिनं पडल्या पडल्या विचारलं.

"चाटूनपुसून."

तिचा चेहरा खुलला आणि घड्याळजीच्या मनाला चिमटा बसला. अडगळीच्या खोलीत पिल्लू नव्हतंच. गेले सोळा दिवस नव्हतं.

त्या पिल्लापायीच तिची मांडी मोडली होती. मागच्या पत्र्याखाली जन्मलेलं, एका कानाचा तुकडा उडालेलं, माणूस दिसला की फिसकारणारं करडं पिल्लू. त्याच्यासाठी दूध ठेवायला ती पायऱ्या उतरत होती आणि पाय सटकला. मांडीत सळई घालून घरी आणलं तर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेवणाचं ताट तसंच परत. डॉक्टरांनी घड्याळजीला बाजूला घेऊन सांगितलं, महिन्यात उभी राहिली तर राहिली. या वयात मन खचलं की माणूस अंथरूण धरतं ते धरतंच.

एके दिवशी ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "एवढं हाड मोडून घेतलंय त्याच्यासाठी. अडगळीच्या खोलीत तरी आणून ठेवा त्याला. पहिली पावलं टाकीन ती त्याच्या खोलीपर्यंत."

घड्याळजीनं चार ओरखडे सोसून पिल्लू आणलं. घड्याळं दुरुस्त करताना केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं बसवणाऱ्या माणसाला मांजराचं काय मोठं, असं त्याला वाटलं. दुसऱ्याच दिवशी पाणी आणायला म्हणून दार नुसतं लोटून गेला. परत येतो तो खोली रिकामी आणि स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी. बायकोला सुगावा लागू नये म्हणून तो अनवाणी पायांनी घरभर फिरला, मग पत्र्याखाली वाकला, मग गल्ली पालथी घातली. गेलं ते गेलं.

संध्याकाळी तिनं विचारलं, कसं आहे? त्याच्या तोंडून निघून गेलं, "कपाटामागे बसलंय."

एकदा कपाटामागे बसवलं म्हटल्यावर त्याला रोज थोडं पुढे आणणं भाग होतं.

बायको धडे द्यायची. त्याच्याकडे टक लावून बघू नका. जमिनीवर बसा, तेही अंग तिरकं करून. डोळे सावकाश मिटा, सावकाश उघडा. वेळेवर खाऊ घाला आणि हळू आवाजात काहीबाही बोलत राहा. घड्याळजी दुकानातून आला की रिकाम्या खोलीत अर्धा तास कपाटाशी बोलायचा, कारण तिला ते ऐकू जायचं. मग मनातल्या मनात देवाची क्षमा मागून तिच्या उशाशी खोटं बोलायला बसायचा. आज मिशा दिसल्या. आज बोट हुंगलं.

चौतीस वर्षांच्या संसारात तो इतकं बोलला नव्हता. दिवसा बहिणीजवळ थांबायला येणारी मेव्हणी हातातली केराची पिशवी सावरत म्हणाली, "भावोजी, पिल्लू माणसाळेल तेव्हा माणसाळेल, तुम्ही मात्र माणसाळलात." आणि दोघी बहिणी तोंडाला पदर लावावा तशा हसल्या.

एकदा मात्र तो वाहवत गेला. पिल्लू मांडीवर चढलं, असं त्यानं ठोकून दिलं.

"नऊ दिवसांत मांडीवर?" बायकोनं भुवया चढवल्या. "भलतंच. अजून दोनदा मागे जाईल ते. उद्या तुमच्यावर फिसकारतं की नाही बघा."

दुसऱ्या दिवशी त्यानं निमूटपणे पिल्लाला फिसकारायला लावलं. बायको खूश झाली. "म्हटलं नव्हतं?"

खोटं फळत होतं खरं. ती दोन्ही वेळा जेवू लागली, वर माशाचा आणखी एक तुकडा मागून घेऊ लागली. हाड जुळताना भूक लागते म्हणे. अंग शहारतं म्हणून त्याचा जुना स्वेटर तिनं मागून घेतला. मेव्हणीनं आधार दिला की पलंगाच्या कडेला पाय सोडून बसू लागली. ती जसजशी सावरत होती, तसतसा घड्याळजी सुकत होता. तीन मोहल्ले धुंडाळून त्यानं करडी पिल्लं पाहिली. पण फाटका कान कुठून आणणार?

चौथ्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी सकाळी, तिनं वॉकर मागितला.

"आज नको. उद्या बघू," तो म्हणाला.

"आजच."

ती उठली. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं. घड्याळजी तिच्या मागोमाग हात पसरून चालला होता. ती उभी राहिली म्हणून डोळे भरून आले होते आणि दार जवळ येतंय म्हणून तो तिला परत फिरवायला निमित्त शोधत होता. तिनं कडीला हात घातला तेव्हा त्यानं तो धरला.

"आत कोणी नाही," तो म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी पळालं ते. मी रोज खोटं बोललो तुझ्याशी. काय वाटेल ते बोल मला, पण चालणं सोडू नकोस."

ती वॉकरवर रेलून श्वास घेत राहिली. रडली नाही. मान वळवून त्याच्या खांद्यावरून मागे, आपल्या खोलीच्या उघड्या दाराकडे बघत तिनं डोळे सावकाश मिटले, सावकाश उघडले.

"हळू बोला," ती म्हणाली. "आणि वळलात तरी टक लावून बघू नका. तुमच्यासमोर पलंगाखालून पहिल्यांदाच बाहेर आलंय ते."