राहिलेला चौकोन

गुलमंडीवरून प्रिंट काढून आणलेलं चित्रकोडं ज्ञानेश्वरी सोडवत बसली होती. आकडे सांगतील ते चौकोन काळे करायचे, की चित्र उमटतं. आज उमटत होती समोरची, आईची बिल्डिंग. एक चौकोन काळा केला, की समोर खऱ्या बिल्डिंगमधल्या त्याच खिडकीतला दिवा विझायचा. तिनं खोडून पाहिलं. दिवा परत लागला नाही.

शेवटचा चौकोन आईच्या खिडकीचा होता. पेन्सिल टाकून ती गॅलरीत धावली, आईला फोन लावला.

“आई, दिवा चालू ठेव.”

“व्हय, चालूच हाय. तू अशी घाबरल्यावाणी का बोलतीस? इथं सगळं…”

“आई? हॅलो?”

आतून नवऱ्यानं आवाज दिला, “अगं, एवढं सोडवलंस अन् एकच चौकोन ठेवलास? भरला बघ मी.”