गिरधरचा वस्ताद

सत्तावन साली फैजपूरच्या कुस्त्यांच्या फडात पंचांनी गिरधरला वस्तादाचं नाव विचारलं. "चेनभाऊ. जळगावमा दात बसाडतस ते," तो ठणकावून म्हणाला. फड हसला. "चिनी माणसाचं नाव कसं पुकारू? एखाद्या तालमीचं सांग." "मग माले कुस्तीच नको," म्हणत गिरधर निघालाच. पंचांनी नाइलाजानं नाव पुकारलं. समोरचा दुपटीनं आडवा पहिलवान मुसंडी मारून आला. चेनभाऊंनी मेहरूणच्या तलावाकाठी आपली चिनी मल्लविद्या गिरधरकडून घोटून घेतली होती. त्यानं पहिलवानाला अडवलंच नाही. बाजूला सरकत मनगट हलकेच ओढलं. पहिलवान आपल्याच वेगानं चीतपट झाला. ढोल कडाडले. पंचांनी बांधलेला फेटा गिरधरनं उतरवून गर्दीतल्या चेनभाऊंच्या डोक्यावर चढवला. "तुना पाय उशिरा सरकना," ते फेटा सावरत पुटपुटले. तेवढ्यात हरलेला पहिलवान माती झटकत त्यांच्यापुढं वाकला. "माले बी शिकवा, वस्ताद."