भरपाई

बाळंतपणात डॉक्टरांनी हयगय केली आणि तिच्या लेकाचे पाय कायमचे अधू झाले. सरकारी रुग्णालयावर तिने दावा ठोकला, तेव्हा घरच्यांनीसुद्धा तिला वेड्यात काढलं. पाठीशी उभी राहिली ती एकटी मैत्रीण. मैत्रिणीची मुलगीही त्याच रुग्णालयाच्या व्यायामाच्या खोलीत या लेकासोबतच चालायला शिकत होती.

दावा जिंकल्यावर वकील म्हणाले, "ताई, भरपाई सरकार देणार. कुणाच्या खिशाला झळ नाही."

नंतर ती लेकाला कडेवर घेऊन व्यायामाला गेली, तर खोलीला कुलूप.

"भरपाईची रक्कम रुग्णालयाच्याच खर्चातून कापली," शिपाई म्हणाला. "म्हणून हा विभाग बंद केला."

"आणि ते डॉक्टर?"

"ते आहेत की वर. पेशंट तपासताहेत."

मैत्रीण मुलीला मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. लेकाला घेऊन ती धावतच मैत्रिणीजवळ गेली.

"शपथ घेऊन सांगते, मला यातलं काहीच माहीत नव्हतं गं!"

मैत्रीण मुलीच्या पायांना बांधलेले पट्टे सोडत राहिली. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या लेकाला आता खासगीत नेशील. माझीला कुठे नेऊ, तेवढं सांग."